साडभाऊला विकलेली लिफ्ट

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ, याच्यावर सूड उगवायचा निश्चय मी धोंड्याच्या महिन्यात, सासऱ्यांच्या घरी, पाटावर बसून, तोंडात अनारसा असताना केला. निश्चयाला ती जागा बरी नव्हती. तोंडात अनारसा असला की दातओठ खाता येत नाहीत.

अधिक महिन्यात जावयांना बोलावून जेवू घालायची पद्धत. आम्ही दोघं जावई शेजारी शेजारी बसलो होतो. तो मूर्तिजापूरकडचा शेतकरी, काळ्या मातीत वाढलेला, कमी बोलणारा. मी शहरात, राजापेठेत राहणारा, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून नुकताच निवृत्त झालेला, आणि वडलांनी मागे ठेवलेलं नांदगाव खंडेश्वरजवळचं सात एकर वावर आणि एक जुना ट्रॅक्टर एवढ्या बळावर स्वतःला शेतकरी म्हणवून घेणारा. त्या दुपारी मी ट्रॅक्टरबद्दल बरंच बोललो. वाढणाऱ्या बायका ऐकत होत्या, सासरे ऐकत होते, म्हणून जरा जास्तच बोललो. साडभाऊनं पुरीचा घास मोडता मोडता विचारलं, “सर, तुमच्या ट्रॅक्टरच्या लिफ्टले पंप किती?”

हायड्रोलिकला आमच्याकडे लिफ्टच म्हणतात. ट्रॅक्टरच्या मागे दोन लोखंडी हात असतात, त्यांना पंजी, म्हणजे माती मोकळी करायचं फणांचं अवजार, नाहीतर पेरणीचं यंत्र अडकवायचं, आणि तेलाच्या दाबानं ते उचलायचं किंवा टेकवायचं. मी क्षणभरही न थांबता सांगितलं, “दोन. हात दोन आहेत न.”

पंप एकच असतो. हे पाटावरच्या, पाटाबाहेरच्या आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सासऱ्यांच्या हातातली वाटी सांडली. साडभाऊ मात्र हसला नाही, आणि तेच मला लागलं. गंभीर चेहऱ्यानं मान हलवून म्हणाला, “बरोबर आहे. चाकं चार, म्हणून इंजिनंही चार.” त्या दिवसापासून सासरवाडीत मी दोन पंपवाले जवाईबापू झालो. पुढच्या लग्नात मला न ओळखणारा एक आचारीसुद्धा मला वाढताना म्हणाला, दोन पंपवाल्यांना दोन जिलब्या द्या.

मी शांतपणे खाल्ल्या. मुत्सद्देगिरीवर मी तीस वर्षं व्याख्यानं दिली होती. वेळ येईल, एवढं मला ठाऊक होतं.

वेळ आली ती हिवाळ्याच्या तोंडाशी, आणि आली ती उचकीच्या रूपानं. मी पंजी वर उचलून वावरातून रस्त्याला लागलो की ती हळूच दोन बोटं खाली यायची, मग झटका देऊन वर जायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, ट्रॅक्टर मागून हसतो आहे. इंजिन बंद केलं की पंजी निवांतपणे जमिनीवर येऊन बसायची.

पहिले दोन दिवस मी स्वतः निदान केलं. तेल कमी असेल म्हणून मापकाडी काढली, तेल भरपूर दिसलं, समाधान झालं. ती मापकाडी इंजिनाची होती हे तिसऱ्या दिवशी कळलं. मग सीटखालची एक चकती फिरवली, तर पंजी वरच अडकून राहिली. आजार बरा झाला असं समजून मी घरी फोनही केला. खरं म्हणजे मी तेलाचा परतीचा रस्ताच बंद केला होता, आणि पंजी उतरवता येईना म्हणून दुपारभर वर टांगलेल्या पंजीखाली डोकं घालून बसलो होतो. असं बसू नये, हे मला नंतर ज्यानं सांगितलं तो नांदगावचा मिस्त्री. त्यानं सांगितलं तेव्हा त्याचा रंग उडाला होता, माझा नव्हता, कारण मला धोका काय होता तेच माहीत नव्हतं.

मिस्त्रीनं चकती सोडली, पंजी उचलली, इंजिन बंद केलं आणि पंजीवर जाऊन उभा राहिला. पंजी त्याला घेऊन हळूहळू खाली आली. “झालं,” तो म्हणाला. मग त्यानं मला समजेल अशा बेतानं सांगितलं: सीटखालच्या झाकणात एक सिलेंडर असतो, त्यात पिस्टन. पिस्टनला रबराचं कडं असतं, त्याला सील म्हणायचं. ते झिजलं की तेल बाजूनं निसटतं आणि लिफ्ट बसते. बसली हे व्हॉल्व्हला कळलं की तो पुन्हा उचलतो. म्हणून उचकी. सील तळहातावर मावणारं, पण त्यापायी सीट काढा, झाकणाचे बोल्ट काढा, ते जड धूड साखळीनं उचला.

जाता जाता त्यानं एक गोष्ट केवळ मी करू नये म्हणून सांगितली. काही लोक असा ट्रॅक्टर विकायचा असला की थोडं तेल काढून त्यात गिअरचं घट्ट तेल ओततात. थंडीत, इंजिन गार असेपर्यंत घट्ट तेल सीलच्या बाजूनं निसटत नाही, लिफ्ट टिकते. ट्रॅक्टर तापला की तेल पातळ होतं आणि मूळ रूप दिसतं. “तसं करू नका सर,” मिस्त्री म्हणाला, “पंप रडते.”

मी त्याचे मनापासून आभार मानले. साडभाऊ हलक्या कामाला एक जुना ट्रॅक्टर शोधतो आहे, हे मला आदल्याच आठवड्यात बायकोकडून कळलं होतं.

बायकोला मी म्हटलं, ताईकडे निरोप दे, आपला ट्रॅक्टर काढायचा आहे. तिनं भाजी निवडणं थांबवलं नाही. “चांगला आहे न?” तिनं विचारलं. मी म्हटलं, चालतो. “चालते ते मलेही माहीत आहे,” ती म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याची मला तेव्हाच धास्ती घ्यायला हवी होती.

तेल बदलायचं काम मी स्वतःच्या हातानं केलं. सूड दुसऱ्याकडून करवून घेण्यात मजा नाही. खाली घमेलं ठेवलं आणि बोल्ट सोडला. घमेलं किती तेल घेतं याचा विचार मी घमेलं भरून वाहायला लागल्यावर केला. दुसरं भांडं आणायला धावलो, तर त्याच तेलावरून घसरलो आणि बैठक मारून अंगण पुसून काढलं. ती पँट बायकोनं धुवायला नकार दिला, अजून वावरातल्या कोठ्यात, अवजारांच्या खोलीत, खुंटीला आहे. पण घट्ट तेल आत गेलं. पाकासारखं संथ, बेत असलेल्या माणसासारखं.

साडभाऊला मी पौषातल्या सकाळी सात वाजता बोलावलं. उन्हं यायच्या आत. तो मोटारसायकलवर कानटोपी घालून आला. मी ट्रॅक्टर मुद्दाम उघड्यावर ठेवला होता, म्हणजे रात्रीची सगळी थंडी तेलात उतरेल. चालू केला तेव्हा पंप खरंच रडायला लागला, बारीक, एकसुरी. त्यानं विचारलं, हा आवाज कायचा? मी म्हटलं, थंडीचा. त्या दिवसातलं माझं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

त्यानं पंजी उचलली. टिकली. इंजिन बंद करून तो पंजीवर चढला, उभा राहिला, एक उडीही मारली. टिकली. चहा तिथेच, पंजीवर उभं राहून घेतला. मी कप घेऊन खाली उभा होतो आणि माझ्या छातीत जे होत होतं त्याला आनंद म्हणायचं की भीती, हे मला राज्यशास्त्रानं शिकवलं नव्हतं. मग त्यानं मापकाडी काढली. बरोबर तीच काढली, याचाही मला राग आला. तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात घेऊन चोळला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं.

“तेल चांगलं टाकलं, सर.”

“तुमच्यासाठीच टाकलं, भाऊ,” मी म्हणालो, आणि हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस आंघोळ करताना पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

ट्रॅक्टर मूर्तिजापूरकडे गेला. मी उन्हाळ्याची वाट पाहू लागलो. चैत्रात त्याची लिफ्ट बसेल, त्याच्या गावात, त्याच्या माणसांसमोर. मग तो फोन करील. मी काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं: “भाऊ, दुसरा पंप चालू करून पाहा न.”

चैत्र गेला. वैशाख गेला. फोन आला नाही. सूड घेतला की समोरच्यानं निदान कळवायला तरी पाहिजे. मीच निमित्तं काढून फोन करू लागलो. लोणच्याचं विचारायला, तुरीचं विचारायला, शेवटी सरळ ट्रॅक्टरचं विचारायला. तो म्हणायचा, मस्त आहे. मी म्हणायचो, लिफ्ट? तो म्हणायचा, लिफ्ट त एक नंबर. एकदा मी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या निमित्तानं त्याच्या गावी गेलो आणि पाहुणचार अर्धा टाकून गोठ्यामागे पाहून आलो. ट्रॅक्टर ट्रॉलीला जोडलेला उभा होता. ट्रॉली ओढायला लिफ्ट लागत नाही. ही गोष्ट माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि डोक्यानं पाहिली नाही. मला वाटलं, घट्ट तेलानं सील बरं झालं असावं. माझ्या हातून झालेला एकुलता एक सूड त्याला औषधासारखा लागला, या विचारानं माझं जेवण उडालं.

मग हरभऱ्याचे दिवस आले. सोयाबीन निघालं, वावर तयार झालं. ओल चांगली होती, पण परतीचा पाऊस जाऊन दिवस झाले होते आणि ऊन कडक पडत होतं. त्या जमिनीत हरभरा पडायला दोन दिवस, फार तर तीन. त्यानंतर दाणा कोरड्यात पडतो आणि तसाच राहतो. माझ्याकडे आता ट्रॅक्टर नव्हता. भाड्यानं पेरणी करून देणाऱ्यानं सांगितलं, आठ दिवस तोंड दाखवू नका. मी बियाणं कोठ्यात ठेवून हात चोळत बसलो होतो, आणि साडभाऊचा फोन आला. त्यानं आपणहून केलेला वर्षातला पहिला फोन.

“मी येतो न ट्रॅक्टर घेऊन. पेरणीचं यंत्रही आणतो. तुमच्याच वावरातला ट्रॅक्टर आहे, वळखीन तो.”

रात्रीच तो यंत्र ट्रॉलीत घालून येऊन ठेपला आणि उजाडताच वावरात हजर होता. यंत्र लावलं, बियाणं भरलं, पेरणी सुरू केली. सरळ, देखणी तासं. मी वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, याला पाहिजे तेवढे पंप आहेत असं मी लिहून देतो. अर्धं वावर झालं. मग एका वळणावर यंत्र उचललं आणि वळता वळता ते खाली बसलं. फण जमिनीत रुतले, ट्रॅक्टर तिरपा ओढला गेला. पुन्हा उचललं. उचकी लागली. दोनदा, तीनदा, आणि मग उठेचना. तेल तापलं होतं.

मी जवळपास वर्ष ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण माझ्याच वावरात, माझ्याच हरभऱ्यावर येऊन बसला.

साडभाऊनं इंजिन बंद केलं. खाली उतरला, धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसला, डबा उघडला. “सर, पाहा बरं काय झालं,” तो म्हणाला, “तुमचा जुना ट्रॅक्टर आहे. तुमाले त्याची नस माहीत.”

मला काय झालं ते माहीत होतं. सांगायचं म्हटलं तर कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी पाहू लागलो.

तो भाकरी खात खात एकेक सांगायचा. आधी तेल पाहा. मी पाहिलं, या वेळी बरोबर मापकाडीनं. भरलेलं होतं. आता सीटखालची चकती पाहा. पाहिली. दांड्या पाहा, कुठली अडकली असन. पाहिल्या. मग जाळी पाहा, तेलातला गाळ बसते तिच्यात. जाळी काढायची म्हणजे ट्रॅक्टरखाली आडवं व्हायचं. मी झालो. बोल्ट सोडला तसं कोमट तेल मनगटावरून कोपरात, कोपरातून बगलेत आणि बगलेतून थेट बनियनमध्ये गेलं. जाळी स्वच्छ होती. तो म्हणाला, पुसून लावा परत. लावली. मग त्यानं कांदा फोडला आणि विचारलं, पंप पाहिला काय, उजवा का डावा?

 ट्रॅक्टरची सावली सरकली होती. मी पडल्या पडल्या बोटानं माती उकरून पाहिली. सकाळी पहिल्या पेरावर लागणारी ओल आता दुसऱ्या पेरावर गेली होती. तिकडे सात एकरांपैकी अर्धं वावर मोकळं पडलेलं, आणि मी ज्या रोगाचं नाव मला माहीत होतं त्याची एकेक तपासणी करत होतो, जणू ते नाव मला आजच शोधून काढायचं आहे. मी बाहेर आलो. बनियन अंगाला चिकटलेलं.

“भाऊ, पिस्टनचं सील गेलं आहे,” मी म्हणालो. “विकायच्या आधीच गेलं होतं. मले माहीत होतं.”

तो चावत राहिला. घास गिळल्यावर म्हणाला, “हाव. मले बी.”

“कवापासून?”

“तेल बोटाले लागलं तवापासून. गिअरच्या तेलाचा वास येते न, सर. पंप कसा रडत होता.”

“मंग घेतला काहून?”

“ट्रॅक्टर चांगला आहे. सीलचं काय, मी बसवलं असतं. पण मी तुमच्या मेहुणीले म्हटलं, सर आपल्या तोंडानं कवा सांगतात ते पाहू. ते म्हणे, सांगतीन. मी म्हटलं, पेरणी अडल्याबिगर नाही सांगत.”

तो उठला, हात धुतला, ट्रॅक्टरच्या पेटीतून कागदाची एक पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. नवं सील होतं. पुडी जुनी झाली होती, कागदाच्या घड्या मळल्या होत्या. म्हणजे या माणसानं वर्षभर फक्त ट्रॉली ओढली, लिफ्टला हातही लावला नाही, आणि माझा बिघाड माझ्यासाठी जपून ठेवला. मी घट्ट तेल ओतून जे केलं ते याच्या मानानं पोरखेळ होता. मला राग आला, आणि त्या रागात कुठेतरी, कबूल करायला जीभ वळत नाही, आदर होता.

“पाना घ्या,” तो म्हणाला.

सीट मी काढली. बोल्ट मी सोडले. एक बोल्ट सुटेना म्हणून पान्यावर लटकलो आणि पान्यासकट खाली आलो, तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढे केली, हात नाही. झाकण उचलायला मात्र तो आला. तीन बांबूंची तिकाटी बांधली, साखळी लावली, दोघांनी मिळून ते धूड वर घेतलं. सिलेंडर सोडून पिस्टन बाहेर काढला. जुनं सील एका बाजूनं चपटं झालं होतं, त्यावर नखाएवढी चीर.

साडभाऊ वावराच्या टोकाला ओल पाहायला गेला. मी एकटा होतो. नवं सील एका हातात, स्क्रूड्रायव्हर दुसऱ्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदा नुसतं टेकवलं असतं तर एक बारीक चीर, डोळ्यांना न दिसणारी. आजची पेरणी निघाली असती कदाचित, आणि महिन्यानं याच्या वावरात, याच्या गावात. सुडाची एवढी सोपी संधी मला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. मी टोक रबराच्या अगदी जवळ नेलं. मग वाटलं, आज निघाली असती कदाचित. तो ‘कदाचित’ माझ्या साडेतीन एकरांवर उभा होता. मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी सज्जन झालो म्हणून नव्हे, माझं वावर मोकळं होतं म्हणून. सील तेलात बुडवलं, दोन बोटांनी खाचेत बसवलं, पीळ पडला नाही ना ते चारी बाजूंनी पाहिलं. इतकं जपून मी कधी विद्यार्थ्यांचे पेपरसुद्धा तपासले नव्हते.

झाकण चढेपर्यंत दिवस मावळला. बायकोला फोन करून म्हटलं, उद्या येतो, लिफ्ट बसली होती. ती म्हणाली, “सांगितलं काय तुमी त्याइले?” मी विचारलं, तुला काय माहीत? “ताईनं पौषातच सांगितलं होतं,” ती म्हणाली. म्हणजे ती महालक्ष्म्यांना माझ्याबरोबर आली, मी गोठ्यामागे गेलो ते तिनं पाहिलं, आणि वर्षभर माझ्यासमोर भाजी निवडत राहिली. सासरेही जाणून होते. सासरवाडीत एकट्या मलाच माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उरलेलं वावर पेरून झालं. लिफ्ट लोण्यासारखी उठत होती. साडभाऊ जेवला, पान खाल्लं, काहीच न झाल्यासारखा निघून गेला.

दाणा वर आला तेव्हा वावराचे दोन तुकडे पडले. पहिला अर्धा भाग गच्च हिरवा, दुसऱ्यात जागोजागी माती. तिथे ओल निघून गेली होती. रस्त्यावरून जाणारा येणारा थांबून विचारतो, इकडचं काय झालं? मी म्हणतो, बियाणं खराब लागलं. हरभऱ्याला घाटे भरले की मी त्या विरळ भागात वाकून ते तोडताना पाठीचा हिशोब साडभाऊच्या नावावर मांडत असतो.

आणि तो मला सकाळी सकाळी फोटो पाठवतो. ट्रॅक्टर अंगणात उभा, पंजी वर टांगलेली. खाली एकच ओळ: ‘रातभर अशीच आहे, सर. तुमच्या हातचं काम.’ मी तो फोटो बोटांनी ताणून मोठा करतो, पंजीचे फण आणि जमीन यांच्यामधलं अंतर पाहतो, आदल्या फोटोशी ताडून पाहतो. चहा निवतो. अजून तरी ती एक बोटही खाली आलेली नाही.